जोडवादन : हेवी मेटल संगीतांतील एक प्रकरण

संगीताचा इतिहास लिहिणारांस एक जुनी खोड आहे. ते प्रत्येक कालखंडास एकेका वीरपुरुषाचें नांव देतात आणि त्याच्या भोंवतीं जमलेल्या माणसांस साथीदार म्हणून कोपऱ्यांत बसवितात. इंग्लंड-अमेरिकेंतील रॉक संगीताचा इतिहास बहुशः याच रीतीनें लिहिला गेला. गिटारीचें नांव निघालें कीं जिमी हेंड्रिक्सची एकाकी मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते, आणि पुढचे सारे वादक त्याच मूर्तीच्या लहानमोठ्या प्रती ठरतात. परंतु याच संगीताच्या ज्या शाखेस लोक सर्वांत उद्दाम समजतात, त्या हेवी मेटलमध्यें, एकट्या वीराच्या कल्पनेस सुरुंग लावणारी एक संस्था १९७० नंतरच्या दशकांत उभी राहिली, आणि पन्नास वर्षें लोटलीं तरी ती मोडलेली नाहीं. दोन गिटारवादक, दोघेही प्रमुख, दोघांचा मान सारखा. एकानें सुरावट वाजवावी आणि दुसऱ्यानें त्याच क्षणीं तीच सुरावट दोन पायऱ्या वरून वाजवावी, अशी ही योजना. इंग्रजींत तिला ‘ट्विन लीड’ म्हणतात. या लेखापुरतें आम्ही तिला जोडवादन म्हणूं.

हेवी मेटल म्हणजे कानठळ्या बसविणारा गोंगाट, त्यांत अभ्यासण्याजोगें काय असणार, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमची विनंति इतकीच कीं, निकाल देण्यापूर्वीं या एका प्रकरणाची हकीकत ऐकून घ्यावी. आमच्या मतें जोडवादन ही नुसती हौस नव्हती. आवाज मोठा करणाऱ्या यंत्रानें गिटारीपासून एक स्वर हिरावून नेला; तो रंगमंचावर परत आणण्यास एक माणूस पुरेना, म्हणून दोन लागले; आणि दोन माणसें आलीं तशीं त्यांच्याबरोबर वांटणी, मत्सर, स्नेह व फारकत हींही आलीं. यंत्राच्या दोषांतून निघालेली ही तजवीज शेवटीं माणसांच्या शीलाची परीक्षा होऊन बसली, हीच या इतिहासांतील खरी गोष्ट.

प्रथम त्या हिरावलेल्या स्वराविषयीं. विजेच्या गिटारीचा ध्वनि ॲम्प्लिफायरमधून त्याच्या शक्तीपलीकडे रेटला कीं तो फाटतो, त्याला खरखरीत धार येते आणि तो लांबतो. हें डिस्टॉर्शन म्हणजे हेवी मेटलचा प्राणवायु. १३ फेब्रुवारी १९७० रोजीं बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी प्रसिद्ध झाली, आणि या संगीताचा आरंभ बहुतेक जाणकार तेथूनच धरतात. तिचा गिटारवादक टोनी आयोमी वयाच्या सतराव्या वर्षीं पत्र्याच्या कारखान्यांत दोन बोटांचीं टोकें गमावून बसला होता. प्लॅस्टिकच्या टोप्या करून त्यानें तीं बोटें पुन्हां तारांवर आणलीं. त्या बँडमध्यें गिटारवादक एकच. त्याचें वादन जड, संथ आणि धिप्पाड होतें, आणि त्याचा सारा भार दोन स्वरांवर होता : षड्ज आणि पंचम.

हे दोनच स्वर कां, याला कारण आहे. फाटलेल्या ध्वनींत एकाच गिटारीवर दोन स्वर एकदम वाजविले, तर यंत्र त्यांची घुसळण करून आणखी स्वर उत्पन्न करतें. दोहोंच्या कंपनसंख्यांतील फरकाइतक्या कंपनांचा एक स्वर खालीं उमटतो. षड्ज व पंचम यांचें प्रमाण दोनास तीन असल्यामुळें हा फरकाचा स्वर खालच्या सप्तकांतील षड्जच निघतो, आणि ध्वनि गढूळ होण्याऐवजीं अधिक भक्कम होतो. गांधाराची गोष्ट वेगळी. गिटारीचे पडदे सप्तकाच्या बारा समान भागांवर बसविलेले असतात. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर गिटारीवरील पंचम नैसर्गिक पंचमापासून अवघे दोन भाग ढळलेला असतो. पण शुद्ध गांधार सुमारें चौदा भाग आणि कोमल गांधार सुमारें सोळा भाग ढळलेला असतो. शांत आवाजांत हा दोष कान पोटांत घालतो. डिस्टॉर्शनमध्यें मात्र तो शतपट होऊन खालून बेसूर गुरगुर ऐकूं येते. म्हणून वादकांनीं गांधार सोडून दिला आणि षड्ज-पंचमाच्या जोडीवर इमारत उभारली. ताकद आली, पण सुराचा चेहरा गेला. कारण पाश्चात्य संगीतांत गाणें प्रसन्न कीं उदास हें ठरविणारा स्वर तोच.

यावर तोड एकच होती. गांधार त्याच गिटारीवर वाजवावयाचा नाहीं. तो दुसऱ्यानें, दुसऱ्या गिटारीवर, दुसऱ्या ॲम्प्लिफायरमधून वाजवावयाचा. मग दोन स्वरांची घुसळण कोणत्याही एका यंत्रांत होत नाहीं. ते मिसळतात श्रोत्यांच्या कानापाशीं, हवेंत. आणि जी धार एका गिटारीवर दोन स्वरांस बेसूर करीत होती, तीच आतां प्रत्येक एकट्या स्वरास व्हायोलिनच्या गजासारखी सलगता देते. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत हें काम एकट्यालाही साधतें हें खरें. १९५१ सालीं लेस पॉलनें मेरी फोर्डबरोबर ‘हाउ हाय द मून’ हें गाणें मुद्रित करतांना आपल्याच गिटारीचे थर एकावर एक चढविले होते, आणि क्वीन या बँडच्या ब्रायन मेनें १९७४ च्या ‘किलर क्वीन’मध्यें फितीवर एकट्यानें गिटारींचा जणुं एक वाद्यमेळ उभा केला. पण हेवी मेटल हें मूळांत जलशाचें संगीत आहे, आणि रंगमंचावर एका माणसास दोनच हात असतात.

दुसऱ्या गिटारीचें काम नकलेचें असतें असें कोणीं समजूं नये. या संगीतांतील कित्येक सुरावटी ज्या स्वरसमूहांत बांधलेल्या असतात, तो पं. भातखंडे यांच्या पद्धतींतील आसावरी थाटाशीं जुळतो : गांधार, धैवत व निषाद कोमल. त्यांत पहिला वादक षड्जावर असतां दुसरा कोमल गांधारावर असतो. पहिला ऋषभावर आला कीं दुसरा मध्यमावर. पहिला कोमल गांधारावर चढला कीं दुसरा पंचमावर. पहिल्या दोन ठिकाणीं दोघांमधील अंतर तीन अर्धस्वरांचें आहे, तिसऱ्या ठिकाणीं चारांचें. पहिल्यानें ऋषभाची तार ओढून कोमल गांधार घेतला तर तो अर्धा स्वर चढतो. त्याच क्षणीं दुसऱ्यास मध्यमावरून पंचम गांठावयाचा असतो, म्हणजे पूर्ण स्वर. निघावयाचें बरोबर, पोंचावयाचें बरोबर, आणि वाट मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. आपल्याकडील जुगलबंदींत दोघे बहुधा आळीपाळीनें बोलतात. सनईच्या जोडींत एक सुरावट वाजवितो व दुसरा सूर धरतो. दोन सुरावटी सतत अंतर राखून बरोबर चालविण्याची ही रीत आपल्या रागसंगीताची नव्हे, म्हणून तींतील कष्ट आपल्या कानास चटकन् जाणवत नाहींत.

ही कल्पना हेवी मेटलवाल्यांनीं शून्यांतून काढली असें नाहीं. टेक्ससच्या बॉब विल्सच्या मेळांत ती फार पूर्वीं होती. १९४१ सालीं मुद्रित झालेल्या ‘ट्विन गिटार स्पेशल’मध्यें एल्डन शॅम्ब्लिनची गिटार आणि लिऑन मॅकॉलिफची स्टील गिटार जोडीनें चालतात. १९६६ सालीं बीटल्सच्या ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’ या गाण्यांत जॉर्ज हॅरिसन व पॉल मॅकार्टनी यांनीं दोन गिटारींवर हाच प्रकार केला. पण त्या काळच्या बहुतेक बँडांत दोन गिटारवादक असले तरी त्यांची प्रतवारी ठरलेली असे : एक प्रमुख आणि एक साथीचा. एकानें बोलावें, दुसऱ्यानें हुंकार द्यावा. दोघेही प्रमुख ही गोष्ट वेगळी, आणि ती किती अवघड हें १९६६ सालींच यार्डबर्ड्सनीं दाखवून दिलें. जेफ बेक आणि जिमी पेज हे दोन अव्वल वादक त्या बँडमध्यें एकत्र आले, आणि कांहीं महिन्यांतच बेक बाहेर पडला. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, हा जगाचा अनुभव येथेंही खरा ठरला.

तो प्रथम खोटा पाडला अमेरिकेच्या दक्षिणेंतील मंडळींनीं. ऑलमन ब्रदर्स बँड १९६९ सालीं स्थापन झाला. त्यांत डुएन ऑलमन व डिकी बेट्स असे दोन प्रमुख गिटारवादक होते. मार्च १९७१ मध्यें न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहांत मुद्रित झालेल्या त्यांच्या जलशांत दोघे एकमेकांचें ऐकत, एकमेकांस पुढें घालीत कसे वाजवितात हें आजही ऐकावयास मिळतें. हें संगीत हेवी मेटल नव्हे. ब्लूज व जॅझ यांच्या कुशींतील आहे. पण बरोबरीचा धडा तेथें होता. २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं डुएन मोटारसायकलच्या अपघातांत वारला. त्याचें वय अवघें २४ होतें. नंतर बँडनें त्याच्या जागीं दुसरा गिटारवादक आणला नाहीं, पियानोवादक घेतला.

इंग्लंडांत याच सुमारास विशबोन ॲश हा बँड उभा राहिला, आणि त्याच्या जन्माची कथा या प्रकरणांत फार बोलकी आहे. १९६९ सालीं मार्टिन टर्नर व स्टीव्ह अप्टन हे गिटारवादकाच्या शोधांत होते. परीक्षा घेतां घेतां शेवटीं दोन उमेदवार उरले, अँडी पॉवेल व टेड टर्नर. दोघांतून एकाची निवड करवेना, तेव्हां दोघांसही ठेवून पाहूं असें ठरलें. निर्णय न झाल्यामुळें जी व्यवस्था जन्मास आली, तीच पुढें त्या बँडची ओळख ठरली. १९७२ च्या ‘आर्गस’ या तबकडींत दोन्ही गिटारी सबंध लांबीच्या सुरावटी जोडीनें गातात. त्यांत जुन्या इंग्रजी लोकगीतांची छाया आहे, आणि आक्रमकता जवळजवळ नाहीं. ही तबकडी ऐकून वाढलेल्या पोरांपैकीं एक पूर्व लंडनचा स्टीव्ह हॅरिस होता. त्याची कथा पुढें येईल.

जोडवादनास रस्त्यावरची भाषा शिकविली ती डब्लिनच्या थिन लिझीनें. या बँडचा म्होरक्या फिल लायनट हा बेस वाजवी व गाई. आरंभीं त्याच्याजवळ एकच गिटारवादक होता, एरिक बेल. तो १९७३ च्या शेवटच्या रात्रीं बेलफास्ट येथें चालू जलशांतून उठून गेला. एका माणसावर सारें अवलंबून ठेवण्याचा धोका लायनटला कळून चुकला असल्यास नवल नाहीं. १९७४ सालीं त्यानें एकदम दोन गिटारवादक घेतले : कॅलिफोर्नियाचा स्कॉट गोरॅम आणि स्कॉटलंडचा अवघा अठरा वर्षांचा ब्रायन रॉबर्टसन. दोघांचे पिंड भिन्न. रॉबर्टसनचें वादन तापट, तार करकरून ओढणारें; गोरॅमचें वाहतें व नेमकें. १९७६ च्या ‘जेलब्रेक’ या तबकडींतील ‘द बॉइज आर बॅक इन टाउन’ या गाण्यांत गिटारींची जोडसुरावट शब्दांइतकीच लोकांच्या तोंडीं बसली. त्याच तबकडींतील ‘एमराल्ड’मध्यें तेच दोघे प्रश्नोत्तरांसारखे एकमेकांवर तुटून पडतात. बरोबर चालण्यासाठीं सारखेपणा आणि भांडण्यासाठीं वेगळेपणा, अशा दोन्ही गुणांची या कलेस गरज आहे, हें या एका तबकडीवरून स्पष्ट होतें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लंडनच्या एका क्लबांतील मारामारींत रॉबर्टसनच्या हातास जबर इजा झाली आणि ठरलेला अमेरिकेचा दौरा बुडाला. लायनट संतापला. पुढील दौऱ्यावर गॅरी मूर गेला, आणि १९७७ सालीं कॅनडांत ‘बॅड रेप्युटेशन’ ही तबकडी मुद्रित करण्यास बँड तिघांचाच निघाला. सर्व गिटारी आतां गोरॅमनें वाजवावयाच्या. कोणत्याही महत्त्वाकांक्षी वादकास हेवा वाटावा अशी ही संधि. गोरॅमनें तिचें काय केलें? महिनाभर काम झाल्यावर त्यानेंच आग्रह धरून रॉबर्टसनला बोलावून घेतलें, आणि तीन गाण्यांवर पुन्हां दुसरी गिटार उमटली. मोकळें रान मिळालें असतां प्रतिस्पर्ध्यास हांक मारणें, ही गोष्ट कोणत्याही कलेच्या इतिहासांत विरळाच. आमच्या मतें जोडवादनाचा सर्वांत मोठा क्षण कोणत्याही सुरावटींत नसून या निरोपांत आहे. रॉबर्टसन १९७८ सालीं कायमचा गेला, लायनट १९८६ च्या जानेवारींत वारला. पण गोरॅमची ती हांक राहिली.

थिन लिझी हा रॉक आणि हेवी मेटल यांच्या वेशीवरचा बँड. वेशीच्या आंत, थेट गाभाऱ्यांत, जोडवादनाची स्थापना केली ती ज्यूडस प्रीस्टनें. बर्मिंगहॅमच्या आसपासचा हा मुलूख कोळसा, भट्ट्या आणि ओतकाम यांचा. येथील के. के. डाउनिंग हा त्या बँडचा एकटा गिटारवादक होता. १९७४ सालीं पहिल्या तबकडीपूर्वीं कंपनीनें सुचविलें कीं, संचांत आणखी एक वादक घ्यावा. कळफलकाचें किंवा फुंकण्याचें वाद्य डाउनिंगला नको होतें. त्यानें निवड केली ती दुसऱ्या प्रमुख गिटारवादकाची, ग्लेन टिप्टनची. म्हणजे आपल्या गादीचा वांटेकरी त्यानें स्वतःच घरांत आणला, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावी.

टिप्टननें कांहीं वर्षें ब्रिटिश स्टीलच्या नोकरींत काढलीं होतीं. बँडनें १९८० च्या तबकडीस ‘ब्रिटिश स्टील’ हेंच नांव दिलें, आणि ती मुद्रित होत असतां देशांतील पोलाद-कामगारांचा मोठा संप चालूं होता. टिप्टनचें वादन रेखीव, आधीं आंखलेलें, पाश्चात्य अभिजात संगीताची शिस्त दाखविणारें. डाउनिंग हेंड्रिक्सचा भक्त; त्याचें वादन आरडत ओरडत, कांठ सोडून वाहणारें. १९७८ च्या ‘बियाँड द रेल्म्स ऑफ डेथ’ या गाण्यांत पहिलें एकलवादन टिप्टनचें व दुसरें डाउनिंगचें आहे. पहिलें शोकाला शब्द शोधतें, दुसरें शोकानें कपडे फाडतें. गाणें एकच, दुःख एकच, पण दोन माणसांचें. उलट १९८२ च्या ‘द हेलियन’ या छोट्या प्रवेशवादनांत दोघे एका शिंगाच्या दोन तोंडांसारखे वाजतात, आणि कोण कोणतें वाजवितो हें ओळखूं येत नाहीं. चामडें व लोखंडी खिळे यांचा पोषाख घालून रंगमंचाच्या कांठावर दोघांनीं एका तालांत डोलावें, ही हेवी मेटलची सर्वपरिचित मूर्ति याच जोडीनें रूढ केली. कवाइतीचें तें दृश्य कानांतील संगीताचेंच डोळ्यांस दिसणारें रूप होतें.

आतां स्टीव्ह हॅरिसकडे वळूं. त्यानें १९७५ च्या नाताळांत लंडनमध्यें आयर्न मेडनची स्थापना केली. तोही लायनटप्रमाणें बेसवादक, आणि तोही विशबोन ॲशचा चाहता. डेव्ह मरे १९७६ च्या अखेरीस त्याच्याकडे आला. मरेचा बाळमित्र एड्रियन स्मिथ. शाळकरी वयांत दोघांनीं मिळून बँड काढला होता. १९७९ सालीं स्मिथला बोलावणें गेलें, पण तो स्वतःचा बँड सोडीना. मग डेनिस स्ट्रॅटन आला, १९८० ची पहिली तबकडी त्याच्यासह झाली, आणि वर्षअखेरीस तो गेल्यावर स्मिथ आला. मरे आपली स्ट्रॅटोकॅस्टर गिटार वाजवितो ती सुरांस सुर जोडीत, पाण्यासारखी. ही गिटार पूर्वीं फ्री या बँडच्या पॉल कॉसॉफची होती. स्मिथ मात्र एकलवादनही गाण्याप्रमाणें रचून मांडतो. १९८३ च्या ‘द ट्रूपर’ या गाण्याचा आरंभ ऐकावा : दोन्ही गिटारी चौखूर उधळतात, आणि त्या दोन्ही वर गेल्या असतां खालची सारी जमीन एकटा हॅरिस आपल्या बेसवर तोलून धरतो.

येथें एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. विशबोन ॲशमध्यें मार्टिन टर्नर, थिन लिझींत लायनट आणि मेडनमध्यें हॅरिस, हे तिघेही बेसवादक, आणि जोडवादनाची घडी बसविण्यांत या तिघांचाही हात मोठा. योगायोग म्हणून हें सोडून देतां येईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन गिटारी वर गेल्या कीं षड्ज राखण्याचें काम बेसवर येतें, हें झालें संगीताचें कारण. दुसरें कारण व्यवहाराचें : घरांतील कर्ता पुरुष दोन भावांपैकीं एक नसला, म्हणजे दोघांस सारखें माप देणें त्यास सोपें जातें. ज्यूडस प्रीस्टमध्यें असा त्रयस्थ कर्ता नव्हता. १९८० पासूनचीं बहुतेक गाणीं गायक रॉब हॅलफर्ड, टिप्टन व डाउनिंग या तिघांच्या नांवावर आहेत; गादीचे वांटेकरी आणि घराचे कर्ते एकच. त्याचें फळ पुढें दिसलें.

मेडनमधूनही स्मिथ १९९० सालीं बाहेर पडला व जॅनिक गर्स आला. १९९९ सालीं स्मिथ परतला. अशा वेळीं रीत अशी कीं, मूळचा मालक आला कीं भाडेकऱ्यानें बिऱ्हाड हलवावें. हॅरिसनें गर्सला जाऊं दिलें नाहीं. दोहोंच्या तीन गिटारी झाल्या, आणि २००० च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’पासून त्या तशाच चालल्या. १ फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत हाच तीन गिटारींचा मेळ वाजला. त्या वर्षींच्या जगाच्या दौऱ्याचा नारळ त्यांनीं मुंबईंत फोडला. मेडनच्या जलशांत श्रोते गाण्याच्या शब्दांबरोबर गिटारींची सुरावटही एकमुखानें गातात. ज्या संगीतास गोंगाट म्हटलें जातें, त्याची सुरावट शब्दांवांचून हजारों लोकांस पाठ असावी, यापेक्षां अधिक पुरावा तो काय द्यावयाचा?

पुढील पिढ्यांनीं हा वारसा दोन दिशांनीं नेला. कॅलिफोर्नियाच्या स्लेयर बँडांतील केरी किंग व जेफ हॅनमन या जोडीनें गोडवा टाकून दिला. १९८६ च्या ‘रेन इन ब्लड’मध्यें दोघांचीं एकलवादनें किंकाळ्यांसारखीं एकावर एक आदळतात, तबकडीबरोबरच्या गीतपत्रावर कोणतें वादन कोणाचें हें छापलेलें, म्हणजे हिशेब चोख, पण संवाद मात्र वैराचा. हॅनमन २ मे २०१३ रोजीं वारला. दुसरी दिशा स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराची. इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी, ॲट द गेट्स या तेथील बँडांत गायक सूर सोडून गुरगुरतो. सुरावट सांभाळण्यास गिटारींशिवाय कोणी उरत नाहीं. इन फ्लेम्सच्या १९९६ च्या ‘द जेस्टर रेस’मध्यें जोडगिटारी अलंकार म्हणून येत नाहींत, गाणें असें जें कांहीं आहे तें त्यांच्याच गळ्यांत आहे. यंत्रानें हिरावलेला गांधार परत आणण्यासाठीं निघालेली युक्ति, मनुष्याच्या कंठानें सोडलेला सूरही उचलूं लागली.

ज्यूडस प्रीस्टची कथा मात्र अजून संपावयाची आहे. २०११ सालीं, सदतीस वर्षांच्या सहवासानंतर, डाउनिंग बँड सोडून गेला. त्याच्या जागीं रिची फॉकनर हा तरुण वादक आला. फेब्रुवारी २०१८ मध्यें टिप्टननें आपणांस पार्किन्सनचा विकार जडल्याचें जाहीर केलें. संपूर्ण दौरा वाजविणें त्यास अशक्य झालें. रिकाम्या जागीं डाउनिंगला बोलावणें जाईल असें पुष्कळांस वाटलें. तें गेलें नाहीं, तबकडीचा निर्माता अँडी स्नीप उभा राहिला. डाउनिंगनें त्याच वर्षीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत टिप्टनशीं असलेले आपले जुने मतभेद मोकळेपणीं मांडले. कोण चूक कोण बरोबर याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. इतकेंच दिसतें कीं, दोन पायऱ्यांचें जें अंतर सुरावटींत गोड लागतें, तें माणसांत सदतीस वर्षें नेमकें राखणें फार कठीण आहे. थोडें कमी झालें तर एक दुसऱ्यांत विरून जातो. थोडें वाढलें तर दोघे एकमेकांस ऐकूं येईनासे होतात.

५ नोव्हेंबर २०२२ रोजीं लॉस एंजेलिस येथें रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेनें ज्यूडस प्रीस्टचा गौरव केला. त्या रात्रीं डाउनिंग, टिप्टन आणि फॉकनर एका रंगमंचावर उभे राहिले : तक्रार घेऊन आलेला एक, थरथरत्या हातांचा एक, आणि दोघांच्याही सुरावटी पाठ असलेला एक. वाजवावयाचीं होतीं तीं तीनच गाणीं, तींही जोडून. तीं संपलीं आणि मंडळी पांगली. समेट झाल्याचें कोणीं जाहीर केलें नाहीं. तरी गाणीं वाजलीं, आणि ज्याच्या वांट्यास जो स्वर येत होता तो त्यानें वाजविला.